पाहिलेला ससा आणि ऐकलेला गेंडा

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने जिवंत प्राणी आणि कल्पनेतले अजस्र जीव कोणत्या रीतीने रंगवले, त्यामागील प्रेरणा कोणत्या होत्या आणि गोव्याहून युरोपात गेलेल्या एका गेंड्याने त्याच्या कलेची कशी परीक्षा पाहिली, याचा हा आढावा.

प्राण्यांची चित्रे काढणाऱ्या कलावंतापुढे दोन वाटा असतात. समोरचा प्राणी निरखून तो कागदावर उतरवणे ही पहिली वाट. जो प्राणी कुठेच अस्तित्वात नाही, तो पाहणाऱ्याला खरा वाटेल अशा बेताने घडवणे ही दुसरी. पहिलीला निरीक्षण लागते आणि दुसरीला कल्पनाशक्ती, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. सोळाव्या शतकाच्या आरंभी या दोन्ही वाटा ज्याने सारख्याच अधिकाराने तुडवल्या, त्या ड्यूररची चित्रे पाहिली म्हणजे ही समजूत तपासून घ्यावी लागते.

ड्यूररची दोन प्राणिचित्रे जगभर सर्वाधिक परिचित आहेत. एक १५०२ सालचा ससा आणि दुसरा १५१५ सालचा गेंडा. ससा त्याने प्रत्यक्ष पाहिला होता. गेंडा त्याने आयुष्यात कधीही पाहिला नाही. तरीही युरोपातील सुशिक्षित समाज जवळजवळ अडीचशे वर्षे त्याच गेंड्याला खरा गेंडा मानत राहिला. एकाच हाताने काढलेल्या या दोन चित्रांत नेमका फरक कोणता, हा प्रश्न प्राणिचित्रणाच्या गाभ्याशी जाऊन भिडतो.

सोनाराच्या कार्यशाळेतील धडे

ड्यूररचा जन्म २१ मे १४७१ रोजी न्यूरेंबर्ग या व्यापारी नगरात झाला. त्याचे वडील हंगेरीतून येऊन तेथे स्थायिक झालेले सोनार होते. मुलाने आपलाच व्यवसाय पुढे चालवावा या इच्छेने त्यांनी त्याला कार्यशाळेत घेतले. धातूवर कोरणी चालवण्याची, रेषा किती खोल जावी आणि कुठे थांबावी याची जाण त्याला येथेच मिळाली असावी. पुढे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या त्याच्या चित्रांत केसाएवढ्या बारीक रेषा दिसतात, त्यांचे मूळ या शिक्षणात आहे.

वयाच्या तेराव्या वर्षी, १४८४ मध्ये, त्याने आरशात पाहून स्वतःचे चित्र काढले. त्यासाठी चांदीच्या टोकाची लेखणी वापरली होती. खास लेप दिलेल्या कागदावर ती चालवावी लागते आणि तिने उमटलेली रेषा पुसता येत नाही. त्यामुळे आधी नीट पाहायचे आणि मगच रेषा ओढायची, ही शिस्त हाताला आपोआप लागते.

१४८६ मध्ये तो चित्रकार मिखाएल वोल्गेमुट याच्याकडे शिकण्यास राहिला. लाकडी ठशांनी पुस्तके सजवण्याचे मोठे काम वोल्गेमुटच्या कार्यशाळेत चाले. न्यूरेंबर्गचा प्रसिद्ध मुद्रक आंटोन कोबर्गर हा ड्यूररचा धर्मपिता होता. त्याने १४९३ मध्ये छापलेल्या ‘न्यूरेंबर्ग बखरी’साठी ठसे तयार केले ते याच कार्यशाळेने. दूरदेशी राहणारी कुत्र्याच्या तोंडाची माणसे, एकाच पायाची माणसे अशा ऐकीव जीवांची चित्रेही त्या ग्रंथात शहरांच्या आणि राजांच्या चित्रांशेजारी छापली गेली. पाहिलेले आणि ऐकलेले एकाच पानावर, एकाच पद्धतीने छापण्याची ही प्रथा ड्यूररच्या काळात सर्वमान्य होती, हे ध्यानात ठेवावे लागेल.

ससा: थरावर थर

व्हिएन्ना येथील आल्बर्टिना संग्रहालयातील ‘ससा’ हे चित्र आकाराने लहान, सुमारे २५ सेंटीमीटर उंच आणि २३ सेंटीमीटर रुंद आहे. प्रकाशाने रंग उडू नयेत म्हणून मूळ चित्र क्वचितच लोकांपुढे मांडले जाते. चित्रात ना गवत, ना झुडूप, ना आकाश. कोऱ्या कागदावर बसलेला ससा, त्याची सावली, १५०२ हे साल आणि ड्यूररची ‘ए’ व ‘डी’ ही आद्याक्षरे, एवढाच मजकूर.

या चित्राची रीत समजून घेण्यासारखी आहे. प्रथम शरीराच्या ठेवणीवर तपकिरी जलरंगाचा पातळ हात फिरवलेला दिसतो. उजेड आणि छाया यांची मुख्य विभागणी या पहिल्या थरातच उरकली आहे. त्यावर बारीक कुंचल्याने गडद आणि फिकट केस ओढले आहेत आणि शेवटी अपारदर्शक पांढऱ्या रंगाचे मोजके केस व मिशा आल्या आहेत. केस मोजून काढल्याचा भास होतो; प्रत्यक्षात ड्यूररने लक्ष दिले आहे ते केसांच्या दिशेकडे. छातीवर ते दाट आणि वळलेले, कानांवर आखूड, तर पाठीवर शरीराच्या गोलाईबरोबर फिरणारे आहेत. केसांची दिशा बदलते तेथे आतल्या हाडांचे आणि स्नायूंचे वळण आपोआप कळते. डोळ्यात खिडकीच्या चौकटीचे लहानसे प्रतिबिंब आहे. त्यावरून हा ससा खोलीत बसवून रंगवला असावा, असे म्हटले जाते. तो जिवंत होता की मेलेला, याबाबत मात्र अभ्यासकांत एकमत नाही.

याच काळातील इतर अभ्यासचित्रे पाहिली की ड्यूररची दृष्टी अधिक स्पष्ट होते. १५०३ सालचा गवताचा तुकडा, १५०५ सालचा सांबरशिंगासारखे जबडे असलेला भुंगेरा, आपल्याकडील नीलपंख पक्ष्याच्या युरोपीय भाईबंदाचा छाटलेला पंख, हे त्याचे विषय होते. धर्मकथांतील प्रसंग रंगवण्याच्या त्या काळात एका भुंगेऱ्याला स्वतंत्र कागद देणे ही साधी गोष्ट नव्हती. कला निसर्गातच रुतून बसलेली असते आणि जो ती तेथून ओढून काढू शकेल त्यालाच ती लाभते, अशा आशयाचा विचार त्याने पुढे मानवी शरीराच्या प्रमाणांवरील ग्रंथात मांडला. हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५२८ मध्ये प्रसिद्ध झाला.

कल्पित जीवांची जुळणी

निसर्गाचा इतका निष्ठावंत अभ्यासक राक्षस आणि सर्पासुर कसे काढत असे? याचे उत्तर असे की, त्याने त्यांनाही निसर्गातूनच उचलले. १४९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अपोकॅलिप्स’ या १५ ठशांच्या मालिकेत बायबलच्या शेवटच्या ग्रंथातील जगबुडीची दृश्ये आहेत. त्यातील सात मस्तकांच्या सर्पासुराकडे पाहावे. एकच डोके सात वेळा काढून भागवणे सहज शक्य होते. ड्यूररने प्रत्येक मस्तकाला वेगळी ठेवण दिली आणि प्रत्येक मान वेगळ्या प्रकारे वळवली. त्याच सुमारास तांब्यावर कोरलेल्या ‘समुद्रराक्षस’ या चित्रातील जीवाला दाढीवाले मानवी मस्तक, त्यावर हरणासारखे फाटे असलेले शिंग आणि खाली माशाचे खवले आहेत. हातात कासवाच्या पाठीची ढाल आहे. सगळे भाग ओळखीचे आहेत, जुळणी तेवढी नवी आहे.

ही रीत एकट्या ड्यूररची नव्हती. ज्याच्याकडे शिकण्याच्या ओढीने तो १४९२ मध्ये कोल्मारला गेला, तो मार्टिन शोंगाउअर त्यापूर्वीच निवर्तला होता. शोंगाउअरने कोरलेल्या एका चित्रात संत अँथनीला छळणारे पिशाच्चांचे थवे आहेत. कुणाला माशांचे खवले, कुणाला काटे, कुणाला पंख. कोवळ्या वयातील मायकेलअँजेलोने हेच चित्र रंगांत उतरवून काढले आणि त्यातील पिशाच्चांसाठी बाजारात जाऊन माशांचे पर व डोळे यांचे रंग निरखले, असे त्याचा चरित्रकार कोंदिवी सांगतो. लिओनार्दो दा विंचीनेही आपल्या टिपणांत हाच सल्ला दिला आहे. काल्पनिक प्राणी नैसर्गिक वाटावयाचा असेल तर त्याचा प्रत्येक अवयव कोणत्या तरी खऱ्या प्राण्याचा असला पाहिजे, असे सांगून तो सर्पासुरासाठी कुत्र्याचे मस्तक, मांजराचे डोळे, साळिंदराचे कान, कासवाची मान अशी यादीच देतो. किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेले शरभ आणि गंडभेरुंड पाहिलेल्या मराठी वाचकाला ही जुळणी अनोळखी वाटू नये.

ड्यूररने मात्र तिला एक मर्यादा घातली होती. निसर्गाला सोडून मनाने काही जोडू नये, असे तो बजावतो आणि ज्याला स्वप्नातले काम करावयाचे असेल त्याने खुशाल सर्व प्राण्यांची सरमिसळ करावी, अशी मुभाही देतो. स्वप्न आणि सत्य यांच्यातली सीमा त्याला पुरती ठाऊक होती. ज्याच्या चित्रात ती पुसली गेली, तो प्राणी निघाला होता भारतातून.

गोव्याहून निघालेला गेंडा

१५१४ साली पोर्तुगीज भारताचा गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकर्क याला दीव येथे किल्ला बांधावयाचा होता. त्यासाठी त्याने गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याच्याकडे वकील पाठवले. सुलतानाने किल्ल्याची परवानगी दिली नाही, परंतु भेटवस्तूंबरोबर एक जिवंत गेंडा दिला. आल्बुकर्कने तो पोर्तुगालचा राजा पहिला मानुएल याला नजर करण्याचे ठरवले. जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून निघालेल्या जहाजातून गेंडा व ओसेम या नावाने नोंदलेला त्याचा भारतीय रखवालदार रवाना झाले आणि आफ्रिकेला वळसा घालून २० मे १५१५ रोजी लिस्बनला पोहोचले. रोमन साम्राज्याच्या काळानंतर युरोपच्या भूमीवर आलेला हा पहिला जिवंत गेंडा होय.

हत्ती आणि गेंडा हे जन्माचे वैरी, असे प्राचीन रोमन ग्रंथकार प्लिनीने लिहून ठेवले होते. ते खरे की खोटे हे पाहण्यासाठी राजाने ३ जून रोजी दोघांना समोरासमोर उभे केले. हत्ती पळून गेला. या नवलाच्या वार्ता पत्रांतून युरोपभर पसरल्या. लिस्बनमध्ये राहणारा मुद्रक व्हालेंतिम फर्नांदिश याने न्यूरेंबर्गच्या व्यापाऱ्यांना पत्राने गेंड्याचे वर्णन कळवले. अज्ञात हाताने काढलेले एक रेखाचित्रही तेथे पोहोचले असावे, असे मानले जाते. या सामग्रीवरून ड्यूररने टाकाने व शाईने गेंड्याचे चित्र काढले. ते आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावरून त्याच वर्षी लाकडी ठसा तयार झाला.

मूळ गेंड्याचे आयुष्य पुढे फार उरले नव्हते. राजा मानुएलने त्याला पोप दहावा लिओ याच्याकडे भेट म्हणून पाठवले. १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज फुटले आणि साखळदंडाने जखडलेला गेंडा बुडाला. त्याची छापील प्रतिमा तेवढी उरली.

चिलखत, खवले आणि जादा शिंग

ठसा कोरण्याचे काम त्या काळी चित्रकार स्वतः करीत नसे. लाकडी ठोकळ्यावर रेखाटन केल्यावर निष्णात कोरक रेषांच्या मधले लाकूड काढून टाकी. उरलेल्या उंच रेषांना शाई लागे. छपाईत चित्र उलटे उमटते. त्यामुळे रेखाचित्रातील गेंड्याचे तोंड डावीकडे, तर छापील चित्रात ते उजवीकडे आहे. या माध्यमात करड्या छटा नसतात, शाई असते किंवा नसते. त्वचेचा पोत, गोलाई, सावली हे सारे रेषांच्या जाळीतून आणि ठिपक्यांतून सुचवावे लागते. सशाच्या मऊ केसांसाठी जलरंग जितके अनुकूल, तितकाच कठीण कवचासाठी लाकडी ठसा अनुकूल होता.

भारतीय एकशिंगी गेंडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या चित्रातील चुका सहज दिसतील. अंगावर लोखंडी चिलखतासारखे तुकडे आहेत, पायांवर खवले आहेत आणि मानेमागे खांद्यावर एक छोटे पिळदार शिंग आहे. असे दुसरे शिंग निसर्गात नाही. तरीही या चुका निराधार नाहीत. या गेंड्याच्या कातडीला खरोखरच मोठ्या घड्या असतात आणि दुरून त्या वेगवेगळ्या तुकड्यांसारख्या भासतात. खांद्यावर व मांड्यांवर फोडांसारखे गोल उंचवटे असतात. शब्दांतून आलेल्या ‘घड्यां’चे ड्यूररने सांधे केले आणि ‘उंचवट्यां’चे खवले. चिलखतांची घडण तर त्याच्या रोजच्या पाहण्यातली होती. न्यूरेंबर्ग हे शस्त्रकारांचे शहर होते आणि सम्राट माक्सिमिलियानसाठी त्याने स्वतः चिलखतांचे आराखडे काढले होते. जेथे माहिती अपुरी पडली तेथे त्याने कल्पित जीव घडवण्याची आपली रीत वापरली, म्हणजे ओळखीच्या गोष्टी आणून जोडल्या.

फरक इतकाच की, सात मस्तकांच्या सर्पासुराखाली कोणी ‘हा असाच असतो’ असे लिहिले नव्हते. गेंड्याच्या चित्रावर मात्र तसा मजकूर छापलेला आहे. भारतातून लिस्बनला आणलेला हा प्राणी येथे त्याच्या संपूर्ण रूपात दाखवला आहे, त्याचा रंग ठिपकेदार कासवासारखा असून तो हत्तीचा कट्टर शत्रू आहे, अशी माहिती त्यात आहे. गेंडा लिस्बनला आल्याचे सालही त्यात १५१३ असे चुकीचे पडले आहे. चित्रकाराने प्राणी पाहिलेला नाही, ही एक गोष्ट मात्र मजकुरात कुठेही नाही.

अडीचशे वर्षांचा विश्वास

त्याच वर्षी आउग्सबुर्ग येथील चित्रकार हान्स बुर्कमाइर यानेही गेंड्याचा ठसा काढला. त्यानेही तो प्राणी पाहिल्याचा पुरावा नाही. परंतु त्याच्या चित्रात खांद्यावरचे शिंग नाही, चिलखताचा थाट नाही आणि पुढचे पाय दोरखंडाने बांधलेले आहेत. खऱ्या प्राण्याला ते चित्र अधिक जवळचे आहे. त्याची आज एकच प्रत शिल्लक आहे. ड्यूररच्या चित्राच्या मात्र त्याच्या हयातीतच चार ते पाच हजार प्रती निघाल्या असाव्यात, असा अंदाज आहे. त्याच्या पश्चातही त्याच ठोकळ्यावरून आवृत्त्या निघत राहिल्या. ठोकळ्याला गेलेली भेग नंतरच्या प्रतींमध्ये दिसते.

स्विस निसर्गशास्त्रज्ञ कोन्राड गेस्नर याने १५५१ पासून प्रसिद्ध केलेल्या प्राणिविषयक ग्रंथात हेच चित्र उतरवून घेतले. तेथून ते इतर ग्रंथांत, शिल्पांत, भांड्यांवर आणि राजचिन्हांवर गेले. १७४१ मध्ये भारतातून हॉलंडला नेलेली ‘क्लारा’ ही मादी गेंडा पुढे अनेक वर्षे युरोपातील शहरांतून फिरवली गेली आणि १७४९ मध्ये फ्रेंच चित्रकार झाँ-बातिस्त उद्री याने पॅरिसमध्ये तिचे पूर्णाकृती चित्र रंगवले. तेव्हा कुठे जुन्या प्रतिमेची पकड सैल होऊ लागली.

ती पकड किती घट्ट होती याचे एक उदाहरण कलासमीक्षक ई. एच. गोम्ब्रिख याने १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आर्ट अँड इल्यूजन’ या ग्रंथात दिले आहे. जेम्स ब्रूस या स्कॉटिश प्रवाशाने १७९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात ड्यूररच्या गेंड्यावर टीका केली आणि आपले आफ्रिकी गेंड्याचे चित्र प्रत्यक्ष प्राण्यावरून काढल्याचे सांगितले. गोम्ब्रिखने दाखवून दिले की, त्या चित्रातही ड्यूररच्या चिलखताची छाया होती. समोरचा प्राणी पाहतानाही डोळ्यांत आधीचे चित्र उभे असते, असा याचा अर्थ.

गोव्यातूनच आलेला दुसरा प्राणी

गेंडा गोव्याहून गेला त्यानंतर सुमारे शतकभराने उलट दिशेने एक प्राणी गोव्यातून मोगल दरबारात आला. बादशहा जहांगीरच्या आज्ञेवरून मुकर्रबखान गोव्यास गेला आणि १६१२ मध्ये त्याने तेथून आणलेल्या अपूर्व वस्तूंमध्ये अमेरिकेतील टर्की हा पक्षी होता. जहांगीरने आपल्या आठवणींत त्याचे बारकाईने वर्णन केले आणि चित्रकारांना त्याचे चित्र काढावयास लावले. पणजोबा बाबराने प्राण्यांची वर्णने लिहून ठेवली, पण चित्रे काढवून घेतली नाहीत, ही उणीव त्याला जाणवत होती. योगायोग असा की, बाबरनाम्यातील वर्णनांमध्ये गेंड्याचेही एक चांगले वर्णन आहे. बाबराने पेशावरच्या परिसरात गेंडे पाहिले होते आणि तेही ड्यूररचा ठसा छापला गेला त्याच दशकात.

हा टर्की रंगवणारा उस्ताद मन्सूर याला जहांगीरने ‘नादिर-उल-अस्र’, म्हणजे युगातील अद्वितीय, असा किताब दिला होता. १६२१ मध्ये दरबारात आलेल्या झेब्र्याचे चित्रही त्याचेच आहे. अंगावरचे पट्टे कोणी रंगवले तर नाहीत ना, याची खात्री बादशहाने आधी करून घेतली आणि नंतर चित्र काढवून घेतले. मन्सूर ड्यूररहून मोठा चित्रकार होता किंवा नव्हता, हा येथे मुद्दा नाही. त्याच्यापुढे प्राणी उभा होता आणि तो खरा असल्याची चौकशी आधी झाली होती. ड्यूररला ही संधी मिळाली नाही.

देवमाशाच्या शोधात

ड्यूररला स्वतःला याची चुटपुट होती की काय, हे सांगता येत नाही. त्याचे पुढील वर्तन मात्र बोलके आहे. १५२० च्या उन्हाळ्यात तो नेदरलँड्सच्या प्रवासास निघाला. त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. ब्रसेल्समध्ये त्याने मेक्सिकोहून आलेला खजिना पाहिला. राजवाड्यामागील प्राणिसंग्रहही पाहिला; तेथील सिंह, लिंक्स आणि बॅबून यांची १५२१ मधील रेखाटने एकाच कागदावर आहेत. त्याआधी १४९४ मध्ये त्याने रंगवलेला सिंह व्हेनिसमधील संत मार्कच्या सिंहशिल्पांवरून घेतला असावा, असे अभ्यासक मानतात. एप्रिल १५२१ मध्ये गेंट येथे मात्र त्याने जिवंत सिंह पाहिले आणि चांदीच्या लेखणीने ते टिपून घेतले.

झीलंडच्या किनाऱ्यावर एक प्रचंड देवमासा लागल्याचे ऐकून डिसेंबर १५२० च्या कडाक्याच्या थंडीत तो तिकडे निघाला. वाटेत आर्नेमाउडेन बंदरात दोर तुटून त्याची बोट थोड्याशा माणसांसह वाऱ्याबरोबर भरकटली आणि जिवावरचे संकट थोडक्यात टळले. तो पोहोचण्यापूर्वीच लाटांनी देवमासा वाहून नेला होता. या प्रवासात जडलेल्या विचित्र आजाराचा उल्लेख त्याने रोजनिशीत केला आहे. तो हिवताप असावा आणि त्यातून तो कधीच पूर्ण बरा झाला नाही, असा अभ्यासकांचा तर्क आहे. ६ एप्रिल १५२८ रोजी न्यूरेंबर्ग येथे त्याचे निधन झाले.

देवमासा हुकला, तरी १५२१ मध्ये उत्तरेकडील समुद्रातील वॉलरसचे मस्तक त्याला पाहावयास मिळाले. सुळे, राठ मिशा आणि सुरकुतलेली कातडी असलेले ते रेखाटन ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पुढच्याच वर्षी संत मार्गारेटच्या पायाशी असलेल्या सर्पासुराचा आराखडा करताना त्याने याच मस्तकाचा आधार घेतला, असे मानले जाते. येथे त्याची दोन्ही कौशल्ये आपापल्या जागी आहेत. वॉलरस पाहून काढला आणि सर्पासुर त्यावरून कल्पिला.

आजच्या चित्रकारासाठी

ड्यूररच्या चित्रांतून प्राणिचित्रणाचे काही नियम हाती लागतात. कागदावर पहिली रेषा ओढण्यापूर्वी पाहण्याला पुरेसा वेळ द्यावा. केस, पिसे, खवले मोजत बसू नये. ते कोणत्या दिशेने वळतात हे पाहावे, कारण त्यातूनच शरीराची घडण कळते. विषयाला साजेसे माध्यम निवडावे. कल्पित जीव काढावयाचा असेल तर खऱ्या प्राण्यांच्या रेखाटनांचा साठा आधी हाताशी हवा. मुंबईच्या राणीच्या बागेत वह्या घेऊन बसणारे कलाविद्यार्थी हाच साठा जमवत असतात, मग पुढे ते प्राणिशास्त्राच्या पुस्तकासाठी चित्रे काढोत किंवा चित्रपटातील राक्षसासाठी.

शेवटचा नियम चित्रकाराइतकाच पाहणाऱ्यालाही लागू आहे. रेषेतील सफाई हा सत्याचा पुरावा नव्हे. ड्यूररचा गेंडा लोकांना पटला तो अचूक होता म्हणून नाही, तर सशावर घोटलेल्या हाताने तो काढला होता म्हणून. पाहणाऱ्यांना चित्रात कसब दिसले आणि त्यांनी त्यालाच साक्ष मानले. संगणकाला चार शब्दांचे वर्णन दिले की क्षणात हुबेहूब प्राणी तयार होणाऱ्या आजच्या काळात हा अनुभव नव्याने आठवावा लागतो. चित्र कितीही खरे वाटले तरी ते पाहून काढले आहे की ऐकून, एवढे विचारावयास हवे. १५१५ मध्ये तो प्रश्न विचारला गेला असता, तर त्याचे उत्तर न्यूरेंबर्गमध्येच मिळाले असते.